दहा मिलिमीटरची खाच

२००९च्या मार्चमधल्या शेवटच्या शुक्रवारी, सकाळी दहा वाजता, माझ्या नवऱ्याने टोकियोशेजारच्या इचिकावातल्या एका छोट्या कारखान्याच्या मालकासमोर पोलादाचा एक ठोकळा ठेवला. ठोकळा पन्नास मिलिमीटर लांब, चाळीस रुंद आणि पंचवीस जाड होता. त्याच्या वरच्या अंगावर लांबीभर एक खाच होती. खाच मापाला बरोबर होती आणि चुकीच्या कडेला होती.

त्या ठोकळ्यावर नवऱ्याची नोकरी अवलंबून होती. नोकरीवर व्हिसा अवलंबून होता आणि व्हिसाची मुदत जूनअखेर संपत होती.

पुढचा मजकूर त्या वेळच्या टिपणांवरून लिहिला आहे. लग्नाआधी मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर सहा वर्षे होते. वार आणि वेळ लिहून ठेवण्याची सवय तिथली.

नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. पदवीनंतरची चार वर्षे त्याने चिंचवडच्या एका टूलरूममध्ये काढली. कारखान्याला लागणारे साचे आणि हत्यारे जिथे हाताने बनतात, तो विभाग. काम त्याला आवडत होते. पण बरोबरची मुले एकेक करून कॉम्प्युटरचे कोर्स करून परदेशी जात होती. त्यानेही सहा महिन्यांचा कोर्स केला आणि २००१ साली जपानला आला. मी पुढच्या वर्षी आले. टोकियोतल्या तोयोसुच्या एका टॉवरमध्ये तो एका विमा कंपनीच्या जुन्या प्रोग्रॅमची देखभाल करत असे. कंत्राट दर सहा महिन्यांनी वाढत असे. २००८च्या नोव्हेंबरात ते वाढले नाही. त्याच्या मजल्यावरचे बहुतेक भारतीय त्याच महिन्यात परतले. निरोपाची जेवणे रोज होऊ लागली, तेव्हा लोकांनी ती बंद केली.

आम्ही थांबलो. पुण्यात परत जाऊन पुन्हा तेच काम शोधायचे, तर वयाच्या पस्तिसाव्या वर्षी पंचविशीतल्या मुलांच्या रांगेत उभे राहायचे, असे त्याचे म्हणणे होते. जानेवारीपर्यंत त्याने चौतीस अर्ज केले. नऊ उत्तरे आली. जपानी कंपन्या नकार देताना एक ठरलेले वाक्य लिहितात: आपल्या पुढील यशासाठी आम्ही प्रार्थना करतो.

"नऊ कंपन्या तुझ्यासाठी प्रार्थना करतायत," मी म्हणाले.

"आईने आयुष्यभर एकटीनेच केली," तो म्हणाला. "तिच्या प्रार्थनेनं निदान व्हिसा तरी मिळाला."

मी तेव्हा स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, सकाळचा बाइतो, म्हणजे तासावर पगाराचे काम, करत होते. पावणेसातला एक सत्तरीतले गृहस्थ येत. निळा कामाचा डगला, नखांच्या कडांत मुरलेले काळे तेल. दोन ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आणि गरम कॉफीचा एक डबा, याव्यतिरिक्त त्यांनी कधी काही घेतले नाही. त्यांचा कारखाना मागच्या गल्लीत होता. गल्लीत सगळे त्यांना शाचो म्हणत. शाचो म्हणजे मालक. मीही तेच म्हणू लागले.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारले, "नवरा काय करतो?"

"सध्या घरी असतो."

"इंडियाची माणसं कॉम्प्युटर करतात ना?"

"करत होता. त्याच्या आधी लेथवर होता."

त्यांनी सुटे पैसे खिशात टाकले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "हाताच्या लेथवर, की बटणाच्या?"

"हाताच्या."

"पाठवून द्या."

मी बरोबर गेले, कारण शाचो भराभर आणि तोंडातल्या तोंडात बोलत, आणि मला त्यांच्या बोलण्याची सवय झाली होती. कारखाना म्हणजे एक लांब खोली. आत पाच यंत्रे होती, त्यांतली दोन चालू. नवऱ्याने बायोडेटा पुढे केला. शाचोंनी तो न उघडता परत सरकवला.

"कागद मी वाचत नाही. माझा मिलिंगवाला डिसेंबरात गेला. त्याचं वय झालं होतं."

त्यांनी ड्रॉवरमधून ड्रॉइंगचा एक कागद काढला आणि त्यावर करवतीने कापलेला पोलादाचा एक ओबडधोबड तुकडा ठेवला. "हे करून आणा. मार्च संपायच्या आत. कुठे केलं, कशावर केलं, मला सांगू नका."

"तुकडा एकच?"

"गिऱ्हाईक दोन देत नाही."

व्हिसाच्या कागदांचे मी विचारले. काम जमले तर कागद करू, असे ते म्हणाले. हे वाक्य टिपणात जसेच्या तसे आहे.

बाहेर रस्त्यावर नवरा थांबला. "खाच पाडायला मिलिंग मशीन लागेल. त्यांच्याकडचं थोडा वेळ मागायला हवं होतं का?"

"मग माग ना. आत्ता जाऊन माग."

"नको. मागितलं तर वाटेल, याच्याकडे काहीच नाही."

"आपल्याकडे काहीच नाहीये."

"लेथ आहे," तो म्हणाला.

लेथ होता, हे खरे. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुना, टेबलावर मावणारा लेथ घेतला होता. तो सहा तातामीच्या, म्हणजे सहा गवती चटयांच्या, खोलीत जाड प्लायवूडवर उभा असे. सुटीच्या दिवशी नवरा त्यावर पितळेची झाकणे, गोट्या, समईच्या वाती सारायच्या काड्या करत बसे. ज्यांना दिल्या त्यांनी त्या वापरल्या का, माहीत नाही.

लेथवर काम, म्हणजे कापायचा तुकडा, फिरते आणि हत्यार स्थिर असते. म्हणून लेथवर गोल वस्तू होतात. मिलिंगमध्ये उलटे. हत्यार फिरते आणि काम त्याच्यासमोरून सरकते, म्हणून सरळ खाच पडते. लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, कामाच्या जागी दाते असलेला कटर धरला, तर हत्यार फिरवण्याचा प्रश्न सुटतो. काम पुढे-मागे आणि आडवे सरकवायची सोय लेथवर असतेच. नसते ती फक्त वर-खाली सरकवायची. ती बसवायची, एवढेच करायचे होते. नवऱ्याने हे मला जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली आणि दोन डब्या घेऊन समजावले. समजावताना तो नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा भराभर बोलला.

योजना अशी होती. लेथच्याच वरची छोटी सरकती पट्टी काढायची, ती उभी करून एका एल आकाराच्या भक्कम तुकड्यावर बोल्टने बसवायची आणि तो तुकडा लेथवर घट्ट करायचा. पट्टीचे चाक फिरवले की तिच्यावर धरलेला ठोकळा वर-खाली जाईल. एल आकाराचा तुकडा त्याला नदीकाठच्या भंगारवाल्याकडे मिळाला. कुठल्या तरी यंत्राचा बिडाचा पाय होता. वजन सात किलो. तो त्याने पाठीवरच्या ऑफिसच्या बॅगेतून आणला. लॅपटॉपच्या कप्प्यात मावला.

बोल्टची भोके घरी पाडता येण्यासारखी नव्हती. आमच्या खाली एक एकट्या आजी राहत. भिंती आणि जमिनी लाकडी. म्हणून भोके त्याने एदो नदीवरच्या रेल्वेपुलाखाली, बॅटरीच्या ड्रिलने पाडली. वरून गाडी जाई तेवढा वेळ ड्रिल चालू, गाडी गेली की बंद. चार भोकांना तीन दिवस लागले. मी तुकडा पायाने दाबून धरत असे.

मग घासणे सुरू झाले. बिडाच्या पायाच्या दोन बाजू एकमेकींशी काटकोनात नव्हत्या, आणि त्या काटकोनात आल्याशिवाय खाच सरळ पडणार नव्हती. काटकोन तपासायचा गुण्या लावून तो तुकडा खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की त्या जागी अजून काम आहे. चिंचवडच्या टूलरूममध्ये पृष्ठभाग सपाट आहे की नाही ते शेंदूर तेलात कालवून बघत. काचेवर शेंदराचा पातळ थर द्यायचा, त्यावर तुकडा घासायचा. जिथे लाल लागेल तिथे उंचवटा. तेवढाच कानशीने काढायचा आणि पुन्हा शेंदूर. इचिकावात टूलरूमचा शेंदूर मिळत नव्हता. देव्हाऱ्यातला वापरला. काच टीव्हीखालच्या टेबलाची होती.

हे अठरा दिवस चालले. वेळ सकाळी दहा ते बारा आणि दुपारी दोन ते चार. वेळ खालच्या आजींनी ठरवून दिली होती. टपालपेटीत चिठ्ठी होती: "आवाजाबद्दल तक्रार नाही. मात्र एक ते दोन मी रेडिओवर गोष्ट ऐकते." चिठ्ठीबरोबर दोन संत्री होती. नवऱ्याने संत्री खाल्ली आणि चिठ्ठी लेथशेजारच्या भिंतीला चिकटवली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जोडणी पूर्ण झाली. अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर पहिला कट घेतला, तेव्हा अख्खी खोली थरथरली. कपाटातली ताटे वाजली. तिसऱ्या मिनिटाला कटर चकमधून इंचभर बाहेर सरकला आणि तुकड्यात रुतून थांबला. नवऱ्याने बटण बंद केले. तो जमिनीवर बसला. मग म्हणाला, "काकांना फोन लाव."

काका म्हणजे त्याच्या टूलरूमचे निवृत्त फोरमन. नात्याने कोणी नव्हते. फोनकार्डावरून लावला, स्पीकरवर ठेवला.

"कोण? कॉम्प्युटर?" काकांनी विचारले. नोकरी सोडून कोर्सला गेल्याच्या दिवसापासून ते त्याला याच नावाने हाक मारत. "काय रे, की-बोर्डाचे दात पडले का?"

"काका, लेथवर मिलिंग करतोय. जोडणी केलीय."

"लेथवर मिलिंग म्हणजे चमच्याने विहीर खणणं."

"होत नाही का?"

"होतं ना. खणली जाते. नातवंडं पाणी पितात." ते खोकले. "कटर कशात धरलायस?"

"थ्री-जॉ चकमध्ये."

"शहाणाच आहेस. तीन बोटांनी मुसळ धरतात का? कटरची दांडी कडक असते, ती चक सोडून देणार. होल्डर कर. एक गोल घे, त्याच चकमध्ये धर, तिथेच त्याला भोक पाड, आडवा स्क्रू दे. एकदा केलास की चकमधून काढायचा नाही. आणि जे सरकायला नको ते सगळं आवळून ठेव. सरकवायचं ते एकच मोकळं."

"कट किती घेऊ?"

"लाजशील इतका कमी. सूनबाई आहे का तिथे?"

"आहे काका," मी म्हणाले.

"चष्मा घालायला लाव त्याला. तुझ्याशिवाय ऐकायचा नाही. आणि एवढं करून काय बनवतोय तो?"

"नोकरी," मी म्हणाले.

"मग अजून कमी कट घ्या," काका म्हणाले, आणि कार्डातली मिनिटे संपली.

होल्डर चार दिवसांत झाला. त्यानंतर खोली थरथरणे कमी झाले, पण थांबले नाही. नवऱ्याने लेथखाली रबर घातले. एल तुकड्याखाली एक आधार दिला. जिथे पट्टी हलत होती तिथे चहाच्या डब्याचा पत्रा कापून फटीत सारला. एका वेळी कट एक मिलिमीटरचा दहावा भाग, कधी त्याच्याही निम्मा. अॅल्युमिनियमवर जमले. साध्या लोखंडावर दोनदा बिघडले, तिसऱ्यांदा जमले. माझे काम डायल गेज वाचायचे होते. पट्टी किती हलते ते काट्यावर दिसे आणि मी आकडा सांगत असे. चाळीस, एक्केचाळीस, चाळीस. तो मान हलवत असे. आम्ही त्या महिन्यात एकमेकांशी आकड्यांखेरीज फारसे बोललो नाही. भांडणही झाले नाही.

ड्रॉइंग फ्रिजच्या दारावर लावलेले होते, कचऱ्याच्या वेळापत्रकाशेजारी. मंगळवार-शुक्रवार जळणारा, महिन्यातून दोनदा धातू. मी वेळापत्रक बघायला जाई तेव्हा ड्रॉइंगही बघितले जाई. दोन चित्रे होती. एक समोरून काढलेले, लांबट. त्याच्या उजवीकडे दुसरे, बाजूने काढलेले, त्यात खाच वरच्या बाजूला एका कडेजवळ दिसत होती. एका टोकाशी एक आरपार भोकही होते. डेस्कवर मी नकाशे आणि तक्ते तपासत असे, त्यामुळे कोपरे बघायची खोड होती. उजव्या खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी एक खूण होती: दोन वर्तुळे आणि शेजारी निमुळती बादली.

"हे काय आहे?" मी विचारले.

तो कानस पुसत होता. "कुठलं?"

"हे. बादलीसारखं."

त्याने वाकून पाहिले. "ते असतंच गं. सगळ्या ड्रॉइंगवर असतं. छापीलच येतं."

मी आणखी विचारले नाही. हा संवाद दहा मार्चचा आहे.

शाचोंच्या तुकड्याला त्याने सोळा मार्चला हात घातला. आधी सहा बाजू सरळ केल्या, मापावर आणल्या. मग भोक. मग खाच. खाचेसाठी पाच दिवस ठेवले होते, ते पाचही लागले. कटर आठ मिलिमीटरचा होता आणि खाच दहाची, म्हणजे आधी मधून आणि मग दोन्ही कडांना थोडे थोडे. रुंदीला सूट दोन शतांश मिलिमीटरची. कटर पुढे गेला की लोखंडाचा बारीक कीस उडून तातामीच्या विणीत बसे. तो चिमट्याने काढावा लागे. चोवीस तारखेला, मंगळवारी, चारला सात मिनिटे कमी असताना त्याने शेवटचा कट घेतला, यंत्र बंद केले, खाच पुसली आणि मोजली. पुन्हा मोजली. मग मला मोजायला दिली. दहा पूर्णांक शून्य एक.

"आता?" मी विचारले.

"आता कडा मोडायच्या, पुसायचा, कापडात गुंडाळायचा." तो हसत नव्हता, पण उभा राहायची पद्धत बदलली होती. संध्याकाळी त्याने चार महिन्यांनी दाढीचे नवे पाते काढले. त्याच दिवशी त्याने काकांना फोन करून माप सांगितले. काका म्हणाले, "एक शतांश उरलाय, तो मला ठेव."

शुक्रवारी आम्ही दोघे गेलो. कारखान्यात तीन यंत्रे होती. उरलेल्या दोन जागी फरशीवर तेलाचे काळे चौकोन होते. त्याबद्दल आम्ही विचारले नाही.

शाचोंनी ठोकळा खिडकीपाशी नेला. अंगठा फिरवला. मापाचे गुळगुळीत तुकडे असलेली लाकडी पेटी उघडली आणि दहाचा तुकडा खाचेत सोडला. तो सावकाश, स्वतःच्या वजनाने खाली गेला आणि डगमगला नाही. त्यांनी मान डोलावली. मग ठोकळा ड्रॉइंगवर ठेवला. फिरवला. पुन्हा फिरवला. उलट करून बघितला आणि सरळ केला.

त्यांनी बोट कोपऱ्यातल्या खुणेवर ठेवले.

नवऱ्याने पाहिले. त्याला समजायला किती वेळ लागला ते मी मोजले नाही, पण शाचोंना काही बोलावे लागले नाही.

वस्तू समोरून काढली की शेजारी तिचे बाजूचे चित्र काढतात. भारतात शिकवतात त्याप्रमाणे, डावीकडून बघितलेले चित्र उजव्या हाताला काढायचे. जपानात उजवीकडून बघितलेले चित्र उजव्या हाताला काढतात. त्यामुळे जपानी ड्रॉइंग आपल्या सवयीने वाचले तर पुढची कड मागे जाते आणि मागची पुढे येते. मापे तीच राहतात. या ड्रॉइंगमध्ये एकही रेघ अशी नव्हती जी अडून म्हणेल की हे चूक आहे. भोक एकाच टोकाला असल्यामुळे उलटा झालेला ठोकळा फिरवूनही जुळत नाही. डाव्या पायाचा जोडा उजव्याला होत नाही तसा. कोणत्या पद्धतीने काढले आहे, ते कोपऱ्यातली खूण सांगते. वर्तुळे बादलीच्या कोणत्या बाजूला आहेत, एवढाच फरक. चिंचवडमध्ये नवऱ्याने ती खूण चार वर्षे रोज पाहिली होती आणि ती नेहमी एकाच बाजूची होती. जपानातल्या साडेसात वर्षांत त्याने एकही ड्रॉइंग हातात घेतले नव्हते.

"इंडियात उलटं काढतात?" शाचोंनी विचारले.

"हो."

"शाळेपासून?"

"हो."

"ही खाच कशावर केलीत?" सांगू नका म्हणाले होते, तरी त्यांनी विचारले.

नवऱ्याने मोबाइलवर जोडणीचा फोटो दाखवला. शाचोंनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. एल तुकडा, उभी पट्टी, फटीतला चहाच्या डब्याचा पत्रा, भिंतीवरची चिठ्ठी. त्यांनी बराच वेळ पाहिले.

"हात चांगला आहे," ते म्हणाले. फोन परत दिला. "पण गिऱ्हाईक हात घेत नाही. ठोकळा घेतं."

"दुसरा तुकडा द्या," नवरा म्हणाला. "चार दिवसांत आणतो. जोडणी तयार आहे, आता वेळ लागणार नाही."

"चार दिवसांत महिना संपतो," शाचो म्हणाले.

त्यांनी स्वतः चहा केला. ठोकळा परत दिला नाही. तो खिडकीत ठेवला, ड्रॉइंग घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकले आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. तिथे त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. नेहमी कोंबिनीत ते नुसती मान हलवत.

घरी येताना नवरा होम सेंटरमध्ये, म्हणजे हत्यारे आणि घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, शिरला. त्या जातीचे पोलाद नव्हते, जवळचे होते. ते घेतले.

"शाचो नाही म्हणालेत," मी म्हणाले.

"नाही असं म्हणाले नाहीत. महिना संपतो म्हणाले."

"त्याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ तू लाव. तो तुझा धंदा."

ड्रॉइंग आता जवळ नव्हते. त्याने ते आठवणीतून काढले, या वेळी जपानी पद्धतीने. शनिवारी, रविवारी, सोमवारी आणि मंगळवारी काम केले. दुपारी एक ते दोन थांबला. मी आकडे वाचले. खाच दहा पूर्णांक शून्य शून्य आली आणि योग्य कडेला आली.

बुधवारी, एक एप्रिलला, तो ठोकळा घेऊन एकटाच गेला. वीस मिनिटांत परत आला.

"शटर खाली आहे. उद्या जातो."

गुरुवारी तो पुन्हा गेला. शटर खालीच होते. त्या आठवड्यात शाचो एकदाही ओनिगिरी घ्यायला आले नव्हते. शुक्रवारी बाइतो संपल्यावर मी गल्लीतून गेले. शटरवर उजवीकडे, डोळ्यांच्या उंचीला, हाताने लिहिलेला एक कागद होता. तो बुधवारीही तिथेच असावा. चाळीस वर्षांहून अधिक काळ दिलेल्या आश्रयाबद्दल आभार. एकतीस मार्चपासून कारखाना बंद करत आहोत.

मी ते घरी येऊन सांगितले. नवरा भात करत होता.

"एकतीस?"

"एकतीस."

"आणि मशीनं?"

"माहीत नाही. बाहेरून दिसत नाही."

त्याने गॅस बारीक केला. "मिलिंगचं चांगलं होतं," तो म्हणाला. "जुनं, पण चांगलं."

कारखाना बंद करायचे केव्हा ठरले, ते कळले नाही. समोरच्या भाजीवाल्याने सांगितले की यंत्रे फेब्रुवारीपासूनच विकायला काढली होती. त्याला दुसऱ्या कुणाकडून दुजोरा मिळाला नाही. जानेवारीत ते ठरलेले होते का, आणि होते तर शाचोंनी ड्रॉइंग कशासाठी दिले, हे विचारण्यासाठी मी मे महिन्यात त्यांच्या घराचा पत्ता शोधला. गल्लीत कुणी दिला नाही. कोंबिनीत ते पुन्हा आले नाहीत.

एप्रिल आणि मेमध्ये नवऱ्याने आणखी एकवीस अर्ज केले, त्यांतले सहा नागोयाकडच्या कारखान्यांना. दोघांनी बोलावले. एकाने प्रवासाच्या आदल्या दिवशी फोन करून रद्द केले. दुसऱ्याने भेट घेतली, व्हिसाचा कागद पाहिला आणि आपल्याकडे सध्या आठवड्यातून तीनच दिवस काम चालते असे सांगितले. दुसरा ठोकळा त्याने तिथे नेला होता. तो कोणी हातात घेतला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लेथ गेला. महापालिका इतके जड यंत्र उचलत नाही. जुने सामान गोळा करत ध्वनिक्षेपक लावून फिरणारा छोटा ट्रक येतो, तो थांबवला. दोघांनी मिळून लेथ जिन्यावरून खाली नेला. आजी दार उघडून उभ्या होत्या. ट्रकवाल्याने एल तुकड्याकडे बोट करून विचारले, हा कशाचा भाग. नवऱ्याने सांगितले, कशाचा नाही, लोखंड आहे. बोल्ट त्याने आधीच सोडवून ठेवले होते.

तातामीवर लेथच्या प्लायवूडच्या जागी चार खळगे राहिले होते. घरमालकाच्या माणसाने त्यांचे फोटो काढले आणि चटई बदलावी लागेल असे लिहून घेतले.

अठ्ठावीस जूनला, रविवारी, नारिता विमानतळाच्या काउंटरवर आम्ही दोघांनी परदेशी नागरिक नोंदणीची कार्डे दिली. अधिकाऱ्याने पुन्हा येण्याची परवानगी आहे का विचारले. नवरा नाही म्हणाला. अधिकाऱ्याने दोन्ही कार्डे ठेवून घेतली.